मेस्त्रींच्या घरातला चित्रकार

महाराष्ट्रात कलेचा इतिहास लिहिणाऱ्यांना एक जुनी खोड आहे. कलाशाळेची पदवी घेऊन बाहेर पडतो तो कलावंत, आणि बापाच्या हाताखाली रंधा, छिन्नी, कुंचला धरायला शिकतो तो कारागीर. पहिल्याची चरित्रे निघतात, दुसऱ्याला मजुरी मिळते. कोल्हापूरच्या बाबुराव कृष्णराव मेस्त्री यांनी ही वाटणी आयुष्यभर खोटी पाडली. लोक त्यांना बाबुराव पेंटर म्हणू लागले आणि तेच आडनाव कायम झाले.

त्यांचा जन्म ३ जून १८९० चा. घर सुतारकामाचे. वडील लाकडात कोरीवकाम करत, चित्रे काढत, मूर्ती घडवत. शाळा फार झाली नाही, कलाशाळा मुळीच नाही. पण त्या कोल्हापुरात आबालाल रहिमान यांच्यासारखा चित्रकार होता आणि गादीवर राजर्षी शाहू महाराज होते. नात्यातले भाऊ आनंदराव यांच्या जोडीने बाबुराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. राजवाडा, अरण्य, रस्ता. सपाट कापडावर खोली दिसली पाहिजे, शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही. हे कल्पनेचे काम आहे, नुसत्या हातचलाखीचे नव्हे. १९१० नंतर या कामात त्या दोघांचा हात धरणारे फार थोडे होते.

मग फाळक्यांचा सिनेमा आला आणि या दोघांना चित्र हलते करण्याचे वेड लागले. कॅमेरा विलायती, घ्यायला पैसा नाही. तेव्हा तो स्वतःच बनवायचा ठरले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबुरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन, सुटे भाग घडवून, १९१८ च्या सुमारास त्यांनी चालणारा कॅमेरा उभा केला. आमच्या चिंचवडच्या एमआयडीसीतला कोणताही टर्नर किंवा पॅटर्नमेकर सांगेल, की नमुना पाहून यंत्र उतरवायचे तर आधी ते डोक्यात पुरते उभे राहावे लागते. अशा माणसाला आपल्याकडे हेल्पर म्हणून हाक मारतात, ती गोष्ट वेगळी.

महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिले ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. प्रतिष्ठित समाज ज्या स्त्रीला घरात घेणार नाही, तिच्या पैशावर कोल्हापूरचा सिनेमा उभा राहिला. शाहू महाराजांनीही मदत केली. सुतार बाबुराव, ब्राह्मण दामले, मुसलमान फत्तेलाल अशी मंडळी एका छताखाली एकाच मातीत हात घालत होती. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यात 'सैरंध्री' लागला. त्याच्या आठच दिवस आधी, ३१ जानेवारीला, बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला होता, त्यालाही शाहू महाराजांचे साहाय्य होते. आणि मार्चमध्ये माणगावची परिषद झाली.

चित्रकार म्हणून बाबुरावांचे मोठेपण मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. ज्या रंगवलेल्या पडद्यांवर त्यांचे नाव झाले, तेच त्यांनी सिनेमात बाजूला सारले आणि भिंती, खांब, दरवाजे असलेले भरीव सेट उभारले. प्रत्येक दृश्याचे आधी रेखाटन काढायचे, पोशाख स्वतः ठरवायचे, जाहिरातीचे पोस्टरही स्वतः रंगवायचे. 'कल्याण खजिना' या १९२४ च्या चित्रपटाचे पोस्टर आज भारतातले सर्वांत जुने उपलब्ध चित्रपट-पोस्टर मानले जाते.

पौराणिक कथा त्यांनीही पुष्कळ काढल्या, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण १९२५ मध्ये त्यांनी 'सावकारी पाश' काढला. देव नाही, राजा नाही. सावकाराच्या कागदात अडकलेला शेतकरी, गेलेली जमीन, आणि शेवटी शहरातली गिरणी. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांची. चिंचवडच्या चाळींत राहणाऱ्या किती कुटुंबांचा इतिहास या एका ओळीत मावतो! मी वकिली करतो. खरेदीखत म्हणून लिहून घेतलेले आणि प्रत्यक्षात गहाण असलेले कागद पाहिलेले आहेत. सावकाराने बळकावलेली जमीन परत देण्याची तरतूद करणारा सावकारी नियमन कायदा राज्यात २०१४ मध्ये आला. बाबुरावांनी ती फसवणूक त्याच्या जवळजवळ ९० वर्षे आधी पडद्यावर मांडली होती. प्रेक्षकांनी मात्र साथ दिली नाही. आज त्या मूकपटाची प्रतही उरलेली नाही. कोर्टाच्या भाषेत सांगायचे तर मूळ दस्त गहाळ आहे, आणि आपल्याकडे आहे तो फक्त दुय्यम पुरावा. १९३६ मध्ये त्यांनी तीच कथा बोलपटात पुन्हा केली.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी 'प्रभात' काढली. पुढे ती कंपनी पुण्यात गेली, नाव कमावले, तिचा इतिहास छापला गेला. बाबुरावांची कंपनी मात्र थोड्याच वर्षांत बंद पडली. ते चित्राकडे आणि मातीकडे परतले. कोल्हापुरात गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत लोकांनी तो विद्रूप केला. त्या जागी शिवछत्रपतींचा पुतळा बसवायचे ठरले, तो घडवला बाबुरावांनी, १९४५ मध्ये. तो चौक आता शिवाजी चौक म्हणूनच ओळखला जातो. १६ जानेवारी १९५४ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, बाबुराव वारले.