खाशाबांचा दमसास

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. त्यांच्या पाच मुलांत खाशाबा सर्वांत धाकटा. वयाच्या पाचव्या वर्षीच वडिलांनी त्याला लाल मातीत उतरविले. मुलगा उंचीने बेताचाच होता. परंतु अंगात चपळाई विलक्षण होती.

तालमीतील मेहनत म्हणजे केवळ दंड पिळदार करणे, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. पहाटे उठून धावावयाचे, हौदातील माती फावड्याने उकरावयाची, मग जोर-बैठका काढावयाच्या आणि शेवटी जोडीदाराशी झुंजावयाचे, अशी ही मेहनत असते. जोरांनी छाती व खांदे भरतात, बैठकांनी मांड्या बळकट होतात. धावण्यापोहण्याने निराळाच लाभ होतो. हृदय प्रत्येक ठोक्यागणिक अधिक रक्त पुढे लोटू लागते आणि भरलेला दम लवकर निवतो. नुसते बळ कमावलेला गडी काही मिनिटांतच धापा टाकू लागतो; नुसता धावणारा गडी एकदा पकडीत सापडला की सुटत नाही. मल्लाला दोन्ही हवे. खाशाबांनी दोन्ही मिळविले. मल्लखांब, पोहणे, धावणे, वजन उचलणे, हातोडाफेक या सर्वांतच त्यांना गोडी होती.

पुढे ते शिक्षणासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. १९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासाचा खर्च सोसला. खाशाबांना सवय मातीची. तेथे कुस्ती गादीवर, आणि नियमही निराळे. तरीही ५२ किलो वजनाच्या गटात त्यांनी सहावा क्रमांक पटकाविला.

चार वर्षांनी ते उतरले ५७ किलोच्या गटात. अंगाचे वजन वाढविणे त्या मानाने सोपे; वाढलेल्या वजनानिशी पूर्वीची चपळाई आणि पूर्वीचा दम राखणे फार कठीण. ते त्यांना साधले, पण हेलसिंकीला जाण्यास पैसा नव्हता. गावकऱ्यांनी आपापल्या परीने वर्गणी जमविली. प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. शिष्यासाठी एवढे करणारे गुरू विरळाच!

१९५२ च्या जुलै महिन्यात हेलसिंकी येथे खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिको या देशांच्या मल्लांना हरविले. अखेरच्या फेरीत त्यांची गाठ जपानच्या शोहाची इशी यांच्याशी पडली. ही कुस्ती बराच वेळ चालली आणि इशी विजयी झाले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांच्याशी लढावे लागले, असे सांगतात. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विसावणी देण्याचा नियम होता. पण तो बजावून सांगण्यास जवळ एकही भारतीय अधिकारी नव्हता म्हणे. कितीही कमावलेला दम असला, तरी तो परत भरण्यास वेळ लागतोच. खाशाबा ती कुस्ती हरले. त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

कऱ्हाड स्थानकावर ते उतरले, तेव्हा शंभरांहून अधिक बैलगाड्या त्यांच्या स्वागतास सज्ज होत्या. एरवी घडीभरात गाठता येणाऱ्या गोळेश्वरला पोहोचण्यास मिरवणुकीला कितीतरी तास लागले. पण सत्कारात खाशाबा रमले नाहीत. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, त्यांत स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले व साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. भारताला ऑलिंपिकमध्ये दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. आणि कुस्तीतील दुसरे पदक तर थेट २००८ साली मिळाले.