मास्टर कृष्णराव

कृष्णराव गणेश फुलंब्रीकर ऊर्फ मास्टर कृष्णराव (जन्म : आळंदी, २० जानेवारी १८९८, मृत्यू : पुणे, २० ऑक्टोबर १९७४) हे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताचे गायक, संगीतकार आणि गायक-नट होते. रागदारीचा पाया न सोडता सर्वसामान्य श्रोत्यांच्या ओठी रुळणाऱ्या चाली देणारे संगीतकार म्हणून ते ओळखले जातात.

बालपण व शिक्षण

लहान वयातच ते नाट्यकला प्रसारक संगीत मंडळीत दाखल झाले. ‘संत सखू’ या नाटकातील त्यांची भूमिका गाजली. पुढे गायनाचार्य भास्करबुवा बखले यांच्याकडे त्यांना दीर्घकाळ तालीम मिळाली. १९२२ साली बुवांचे निधन झाल्यावर त्यांनी स्थापन केलेल्या पुण्यातील भारत गायन समाजाची धुरा कृष्णरावांनी सांभाळली. ‘रागसंग्रहमाला’ या ग्रंथमालेचे सात भाग त्यांनी लिहिले.

नाटके व चित्रपट

गंधर्व नाटक मंडळीच्या अनेक नाटकांना त्यांनी संगीत दिले. त्यांपैकी ‘कान्होपात्रा’ (१९३१) या नाटकातील अभंग बालगंधर्वांच्या गायनाने घरोघरी पोहोचले. नाट्यनिकेतनच्या ‘कुलवधू’ (१९४२) या नाटकातील ज्योत्स्ना भोळे यांनी गायिलेली पदेही लोकप्रिय झाली. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ (१९३५), ‘अमरज्योती’ (१९३६), ‘गोपाळकृष्ण’ (१९३८), ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) या चित्रपटांचे ते संगीतकार होते. ‘भक्तीचा मळा’ (१९४४) या चित्रपटात त्यांनी संत सावता माळी यांची भूमिका केली.

वंदे मातरम्

बंकिमचंद्रांच्या ‘वंदे मातरम्’ या गीताला त्यांनी झिंझोटी रागात चाल दिली. मुंबई नभोवाणीवर हे गीत गाताना त्यांचे प्रक्षेपण मध्येच बंद करण्यात आले. त्याच्या निषेधार्थ त्यांनी अनेक वर्षे नभोवाणीवर गाणे सोडले. स्वातंत्र्यानंतर या गीताला राष्ट्रगीताचा मान मिळावा म्हणून त्यांनी पदरमोड करून प्रयत्न केले. हे गीत समूहाने गाण्यास व बँडवर वाजविण्यास सोयीचे नाही, हा मुख्य आक्षेप होता. तो दूर करण्यासाठी त्यांनी समूहगानाला सोपी चाल बांधली, बँडसाठी स्वरलेखन सिद्ध केले आणि दिल्लीत पंडित नेहरू व संविधान सभेच्या सदस्यांपुढे प्रात्यक्षिके सादर केली. २४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले. ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान देण्यात आला. कृष्णरावांचा मूळ हेतू सफल झाला नाही, तरी हे गीत सामान्य माणसालाही एकसुरात गाता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

बुद्धवंदना

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विनंतीवरून त्यांनी पाली भाषेतील बुद्धवंदना स्वरबद्ध केली. तिचे ध्वनिमुद्रण १९५६ साली झाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे धम्मदीक्षेचा ऐतिहासिक सोहळा पार पडला. मैफल, रंगभूमी व पडदा यांपलीकडे उपासनेच्या क्षेत्रातही त्यांच्या स्वररचनेला अशा प्रकारे स्थान मिळाले.

सन्मान

भारत सरकारने १९७१ साली त्यांना ‘पद्मभूषण’ किताब दिला. त्यानंतर संगीत नाटक अकादमीचे सन्माननीय सदस्यत्वही (फेलोशिप) त्यांना लाभले.