चांगले झाड कशामुळे चांगले? डॉ. व्ही. जी. पानसे यांचे कार्य

नवी दिल्ली रेल्वे स्थानकालगतचे पहाडगंज हे राजधानीतील मराठी कुटुंबांना नूतन मराठी शाळेमुळे परिचित आहे. तेथून पश्चिमेला करोल बाग ओलांडले की पूसा परिसर लागतो. तेथील भारतीय कृषी सांख्यिकी अनुसंधान संस्थेच्या उभारणीत ज्या मराठी शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे, त्यांत डॉ. पानसे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. मात्र त्यांच्या संशोधनाचा पाया दिल्लीत नव्हे, तर होळकरांच्या इंदूरमध्ये, कपाशीच्या शेतात घातला गेला.

१९३०च्या दशकात कपाशीचे नवे वाण तयार करणारे पैदासकार शेतात फिरून भरघोस बोंडांची झाडे हेरत आणि त्यांची सरकी पुढील हंगामासाठी राखून ठेवत. पुढच्या वर्षी अनेकदा पदरी निराशा येई. झाडाचा जोम त्याच्या अंगचा होता, की जमिनीचा कस, ओल किंवा शेजारचे रोप मेल्याने मिळालेली मोकळी जागा यांचा परिणाम होता, हे नुसत्या नजरेला उमगत नसे. कपाशीचे पीक वर्षातून एकदाच येते. त्यामुळे चुकीची निवड म्हणजे गेलेले वर्ष.

इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत जोसेफ हचिन्सन आणि पानसे यांनी यावर उपाय सुचविला. निवडलेल्या प्रत्येक झाडाची संतती एकाच ओळीत न पेरता शेताच्या वेगवेगळ्या भागांत, यादृच्छिक क्रमाने, पुन्हा पुन्हा पेरावयाची. सर्व ठिकाणी जी संतती सरस ठरेल, तिचे श्रेय जमिनीला देता येत नाही. या विषयावरील त्यांचे लेखन १९३७ पासून प्रसिद्ध झाले. १९४० मध्ये लंडनच्या ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात पानसे यांनी संख्यात्मक गुणांच्या आनुवंशिकतेचा सांख्यिकीय अभ्यास मांडला. धाग्याची लांबी किंवा उत्पादन यांसारखे गुण एका जनुकावर नव्हे, तर अल्प प्रभावाच्या अनेक जनुकांवर अवलंबून असतात.

यातील हिशेब सोपा आहे. समजा, शेतातील झाडांचे सरासरी उत्पादन २० ग्रॅम आहे आणि निवडलेल्या झाडांचे ३० ग्रॅम. आनुवंशिकतेचे प्रमाण ०.३ असेल, तर वाढीव १० ग्रॅमपैकी केवळ ३ ग्रॅम पुढच्या पिढीत उतरण्याची अपेक्षा धरावी. हे प्रमाण वाणाचा कायमचा गुणधर्म नव्हे, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते. जमीन जितकी असमान, तितके ते घटते. म्हणूनच प्रयोगाच्या नेटक्या आखणीला मोल आहे.

१९५०च्या दशकाच्या प्रारंभी डॉ. पां. वा. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेल्यानंतर दिल्लीतील कृषी सांख्यिकीच्या कामाची धुरा पानसे यांच्याकडे आली. दोघांनी मिळून लिहिलेला कृषी कार्यकर्त्यांसाठीचा सांख्यिकी पद्धतींवरील ग्रंथ १९५४ मध्ये प्रकाशित झाला आणि कृषी महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. नमुना पद्धतीने पीक कापणी करून उत्पादनाचा अंदाज बांधण्याच्या कामातही दोघांचे योगदान मोठे आहे.

पैदासकारांना अधिक उपयोगी पडला तो मात्र पानसे यांचा १९५७ चा लेख. आनुवंशिकतेचे प्रमाण मोठे असूनही निवडीने अपेक्षित सुधारणा अल्प असेल, तर तो गुण जनुकांच्या परस्परसंयोगावर अवलंबून असण्याची शक्यता असते आणि तेथे साधी निवड अपुरी पडते. कृषी विद्यापीठांतील पैदासशास्त्राच्या प्रबंधांत गहू, मिरची, वांगी अशा पिकांच्या संदर्भात हा लेख आजही उद्धृत केला जातो.