विश्लेषण : पोकरमध्ये किती पैसे लावायचे? फॉन नॉयमन यांचे गणित काय सांगते?

दिवाळीत पालघर-बोईसरकडेही अनेक घरांत तीन पत्तीचा डाव बसतो. पोकर त्याच जातीचा खेळ, तो मोबाइलवरून घरोघरी पोहोचला. दोन्हीकडे अडचण एकच : हातात पाने आहेत ती आहेत, पण चाल किती रुपयांची करायची? याचा भक्कम पाया घातला जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने.

फॉन नॉयमन कोण होते?

जन्म २८ डिसेंबर १९०३, बुडापेस्ट. वडील बँकर. १९२८ मध्ये, पंचविशीही गाठलेली नसताना, त्यांनी दोघांच्या खेळातील सर्वांत सुरक्षित डावपेचाचे प्रमेय सिद्ध केले. १९३३ पासून ते अमेरिकेत प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत होते. अणुबॉम्ब प्रकल्प आणि संगणकाची रचना या दोन्हींत त्यांचा मोठा वाटा होता. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या ५३व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

ब्लफ म्हणजे फसवाफसवी नव्हे?

ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासोबत १९४४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरचे सोपे रूप मांडले. निष्कर्ष असा : उत्तम पानांवर पैसे लावा, अगदी टाकाऊ पानांवरही कधीकधी लावा, मधल्या पानांवर थांबा. फक्त चांगल्या पानांवरच चाल केली, तर समोरचा ओळखतो आणि पॅक होतो.

रकमेचा हिशोब कसा?

पॉटमध्ये १०० रुपये आहेत आणि तुम्ही १०० लावले. समोरच्याला १०० टाकून २०० मिळू शकतात. म्हणजे तीनदा पाहून एकदा जिंकला तरी त्याची बरोबरी होते. म्हणून अशा चालींत दोन खऱ्या डावांमागे एक ब्लफ असावा. ५० च लावले, तर तीन खऱ्यांमागे एक. चाल मोठी, तशी ब्लफला जागा जास्त.

फ्लॉपनंतर काय बदलते?

वरचा हिशोब शेवटच्या चालीचा. होल्डेममध्ये फ्लॉपला तीन पाने उघडतात, आणखी दोन यायची असतात. आज कमकुवत असलेला हात पुढे सुधारू शकतो, त्यामुळे गणित अवघड होते. ‘नो-लिमिट’मध्ये तर समोरची सगळी रक्कम एका चालीत लावता येते. सहा जणांच्या अशा डावात संगणकाने व्यावसायिक खेळाडूंना हरवले ते २०१९ मध्ये.

मग पगार लावायचा का?

नाही. पोकरमध्ये एकाची जीत ही दुसऱ्याची हार असते. वर डाव भरवणारा पॉटमधून आपला वाटा काढतो. त्यामुळे सारख्याच तयारीचे दोघे खूप काळ खेळले, तर दोघेही तोट्यात जातात. खुद्द नॉयमन पोकरचे साधारणच खेळाडू मानले जात. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. खेळ कौशल्याचा आहे, ही सबब त्यात चालत नाही.