काचेच्या टाकीत समुद्र आणणारे फिलिप हेन्री गॉस

गेल्या दिवाळीत आमच्या काचीगुड्यातील एका स्नेह्यांकडे फराळास गेलो असता, त्यांच्या अमेरिकेत स्थायिक झालेल्या पुतण्याने पाठविलेली काही छायाचित्रे पाहावयास मिळाली. फ्लॉरिडा राज्यात राहणाऱ्या ह्या गृहस्थांनी बैठकीच्या खोलीत काचेची एक लहानशी टाकी ठेवली असून तीत खुजे समुद्रघोडे पाळले आहेत. समुद्रघोडा, ज्यास आपल्याकडे घोडामासा असेही म्हणतात, तो चित्रात पुष्कळांनी पाहिला असेल. परंतु हा खुजा प्रकार पूर्ण वाढला तरी जेमतेम इंचभर भरतो. मेक्सिकोच्या आखातातील उथळ पाण्यात समुद्रगवताच्या पात्यास शेपटीचा विळखा घालून तो उभा असतो. अंडी मादीची, पण ती वाढवावयाची नराने, आपल्या पोटावरील पिशवीत. सुमारे दहाबारा दिवसांनी त्या पिशवीतून तांदळाच्या दाण्याएवढी पिले बाहेर पडतात आणि जन्मतःच स्वतःचे भक्ष्य शोधू लागतात.

छायाचित्रांबरोबर एक तक्रारही आली होती. त्या टाकीत दोन उपद्रवी जीव शिरले होते. पहिला हायड्रॉइड. हा धाग्यासारखा बारीक प्राणी शेवाळाबरोबर नकळत टाकीत येतो, पिलांसाठी घातलेल्या आर्टेमियाच्या बारीक डिंभांवरच पोसतो, आणि आपल्या दंशकारी तंतूंनी पिलांचाही जीव घेतो. त्यावर जनावरांना जंतासाठी देतात ते औषध चालते, परंतु त्याने टाकीतील गोगलगाईही मरतात, म्हणून त्या आधी दुसरीकडे हलवाव्या लागतात. दुसरा उपद्रव एका तपकिरी, काचेसारख्या दिसणाऱ्या लहान समुद्रपुष्पाचा. हे खरवडून काढावे तर मागे राहिलेल्या कणाकणातून नवे पुष्प उगवते! कोणी सुईने त्यात चुन्याचे दाट पाणी सोडतात, कोणी त्याच्यावरच उपजीविका करणारी एक समुद्रगोगलगाय आणून सोडतात. ह्या पुष्पास जगभरचे हौशी लोक ऐप्टेशिया म्हणतात.

हे नाव कोणी ठेवले असावे, अशी जिज्ञासा आम्हांस वाटली. शोध घेता असे आढळले की, ते १८५८ मध्ये फिलिप हेन्री गॉस ह्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने ठेवले. गंमत अशी की, ज्या ॲक्वेरियम ह्या शब्दाने अशा टाकीस आज सारे जग ओळखते, तो शब्द त्या अर्थाने रूढ करणारे गृहस्थही हेच. टाकीला नाव देणारा आणि टाकीच्या शत्रूला नाव देणारा एकच, म्हणून त्यांचे चरित्र आम्ही मुद्दाम वाचले. ते येथे देत आहोत.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वूस्टर येथे झाला. वडील टॉमस गॉस हे हस्तिदंतावर लहान आकाराची व्यक्तिचित्रे काढीत गावोगाव फिरत. मिळकत बेताची असे. नखाएवढ्या जागेत चेहऱ्याची प्रत्येक रेषा उतरविण्याची ही कला मुलाच्या हाती आली, आणि पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे जीव रेखाटताना तिचा त्यास फार उपयोग झाला. बालपण पूल नावाच्या बंदरात गेले. तेथेच समुद्रपुष्पांची ओळख झाली.

सतरा वर्षांचे असताना, म्हणजे १८२७ मध्ये, ते न्यूफाउंडलंड बेटावरील एका मासळीच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून म्हणून गेले. १८३२ मध्ये एका लिलावात सूक्ष्मदर्शकावरील एक जुने पुस्तक त्यांनी विकत घेतले आणि तेव्हापासून कीटकांचा नाद लागला. पुढे कॅनडात शेती केली, ती तीन वर्षांत बुडाली. १८३८ मध्ये अमेरिकेतील अलाबामा राज्यात काही महिने शिक्षकाचे काम केले. तेथील फुलपाखरांनी त्यांना मोह घातला, परंतु गुलामांना दिली जाणारी वागणूक पाहून त्यांचे मन विटले व पुढच्याच वर्षी ते मायदेशी परतले. खिशात काही उरले नव्हते. लंडनमध्ये दिवसाकाठी एक स्वस्तातील खारवलेली मासळी पुरवून पुरवून खाण्याची वेळ आली होती, असे त्यांच्या पुत्राने लिहून ठेवले आहे. अशा अवस्थेत कॅनडातील निसर्गावरील त्यांचे पुस्तक एका प्रकाशकाने स्वीकारले व ते १८४० मध्ये बाहेर पडले. महाविद्यालयाची पायरी ह्या गृहस्थाने कधी चढली नव्हती.

१८४४ ते १८४६ ही दीड वर्षे ते जमेकात होते. तेथील पक्ष्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या मुखपृष्ठावर आपल्या नावाखाली रिचर्ड हिल ह्या तेथील मिश्रवंशीय न्यायाधिकाऱ्याचे नाव साहाय्यक म्हणून छापविले. सॅम्युएल कॅम्बेल नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण त्यांच्याबरोबर रानात हिंडून नमुने गोळा करी, त्याचीही त्यांनी मुक्तकंठाने स्तुती केली आहे. त्या काळी असा मोठेपणा सर्वत्र आढळत नसे.

१८४८ मध्ये त्यांचा विवाह एमिली बोज ह्या विदुषीशी झाला. पतिपत्नी दोघेही कडक आचाराच्या एका ख्रिस्ती पंथाचे होते. दुसऱ्या वर्षी पुत्र एडमंड जन्मला. त्या दिवशीच्या रोजनिशीत गॉस यांनी पुत्रजन्माची वार्ता आणि जमेकाहून आलेल्या एका हिरव्या पाकोळीची पोच शेजारी शेजारीच नोंदविली, ही हकीकत पुष्कळदा हसून सांगितली जाते. आम्हांस मात्र त्यात त्यांचा स्वभाव दिसतो. जे घडले ते त्यांनी घडल्या क्रमाने टिपले.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १८५२ मध्ये अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली आणि हवापालटासाठी ते डेव्हनच्या किनाऱ्यावर गेले. ओहोटीच्या वेळी खडकांच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात रंगीबेरंगी समुद्रपुष्पे, खेकडे, कोळंब्या, शैवाले यांचे जणू एक निराळे नगर वसलेले असते. कोकणात मामाच्या गावी जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी अशी डबकी पाहिली असतील. गॉस गुडघ्यांवर बसून तासन् तास त्यात पाहत राहत. परंतु पाहावयास वेळ थोडा. भरती आली की पडदा पडे. हे सारे घरी नेऊन जिवंत ठेवता येईल काय, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

हा प्रश्न पडलेले ते पहिले नव्हते, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. सिसिलीत राहणाऱ्या झान व्हीलप्रो-पॉवर ह्या फ्रेंच बाईंनी १८३२ च्या सुमारासच काचेच्या टाक्यांत समुद्रजीव ठेवून अभ्यास केला होता. लंडनमध्ये ॲना थिन ह्या बाईंनी १८४६ पासून प्रवाळ जगविले. पाण्यात हवा खेळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत बसे. रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये गोड्या पाण्यातील मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून दाखविले की, माशांना लागणारा प्राणवायू वनस्पती पुरवितात. त्यांच्या टाकीत कुजकी पाने व शेवाळ यांनी पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांनी गोगलगाई सोडल्या, आणि गोगलगाईंनी ती घाण खाऊन टाकली. उपद्रव आवरावयाचा तर त्यास खाणारा जीव शोधावा, ही युक्ती तेव्हापासूनची.

गॉस यांनी हे तत्त्व समुद्राच्या पाण्यास लावून पाहिले. हिरवी शैवाले किती, प्राणी किती, उजेड कोठून व किती, ह्याचे प्रमाण त्यांनी बसविले. ऊन फार झाले तर काच हिरवी होते, कमी झाले तर शैवाल मरते. मेलेला प्राणी तत्काळ काढला नाही तर एका रात्रीत सारी टाकी नासते. खेकडा शेजाऱ्यांना खातो, म्हणून त्यास बेताने ठेवावे. काचेवरील शेवाळ खाण्यासाठी त्यांनी खडकांवरच्या लहान समुद्रगोगलगाई नेमल्या. त्यांची दातेरी जीभ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती विळ्याप्रमाणे शेवाळ कशी कापते, ह्याचे मोठे बहारदार वर्णन त्यांनी केले आहे. त्यांच्या साऱ्या लेखनात आम्हांस हा भाग सर्वांत आवडला.

१८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यातील पुष्कळ प्राणी गॉस यांनी पुरविले होते. वेमथच्या किनाऱ्यावर गोळा केलेले जीव बरण्यांत भरून ते आगगाडीने लंडनला धाडीत. दुसऱ्या वर्षी त्यांचा द ॲक्वेरियम हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तोवर अशा टाकीस कोणी व्हिव्हेरियम म्हणत, कोणी आणखी काही. जुन्या लॅटिनमध्ये ॲक्वेरियम म्हणजे गुरांना पाणी पाजावयाची जागा. आपल्या भाषेत म्हणावयाचे तर गुरांचा हौद! तो शब्द गॉस यांनी उचलला आणि तो टिकला. आपले मत्स्यालय हे नाव गोड खरे, पण त्यात समुद्रपुष्पांना व शैवालांना जागा उरत नाही.

लंडन समुद्रावर नाही. तेव्हा ज्यांना समुद्राचे पाणी आणविणे परवडत नाही, त्यांनी काय करावे? गॉस यांनी १८५४ मध्ये ते घरीच तयार केले: साधे मीठ साडेतीन औंस, थोडे एप्सम मीठ, शिवाय मॅग्नेशियम व पोटॅशियम यांची क्लोराइडे, आणि सुमारे साडेचार लिटर गोडे पाणी. आठवडाभर त्यात केवळ शैवाल ठेवून मगच प्राणी सोडावयाचे, ही सबुरीची पायरी त्यांनी सांगून ठेवली. आमच्या हैदराबादेपासून समुद्र तर लंडनहून कितीतरी दूर. येथे कोणी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवतो, तो दुकानातून क्षारांची तयार पुडी आणतो; तिच्या मुळाशी हाच प्रयोग आहे. (मात्र समुद्रघोडे पाळण्याच्या विचाराने कोणी हुरळून जाऊ नये. आपल्या देशात २००१ पासून सर्व समुद्रघोड्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.)

ग्रंथ अफाट खपला. त्यातील रंगीत चित्रे गॉस यांनी स्वतः काढली होती. १८५५ मध्ये इल्फ्रकूमच्या खडकांवर त्यांनी हौशी लोकांसाठी वर्ग भरविला. १८५६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. डार्विनही त्यांच्याशी पत्रव्यवहार करीत. इंग्लंडात घरोघरी दिवाणखान्यात काचेची टाकी दिसू लागली.

ह्याच सुखाच्या शिखरावर संकट कोसळले. एमिलीबाईंना स्तनाचा कर्करोग झाला. महिनोन् महिने एका नव्या औषधाचे अतिशय क्लेशकारक उपचार त्यांनी सोसले आणि फेब्रुवारी १८५७ मध्ये त्या वारल्या. एडमंड अवघा सात वर्षांचा होता. त्याच वर्षी गॉस यांनी ऑम्फॅलॉस नावाचा ग्रंथ लिहिला. पृथ्वी फार प्राचीन आहे असे खडक सांगतात, आणि ती अलीकडेच निर्माण झाली असे त्यांची श्रद्धा सांगे. तेव्हा ईश्वराने ती भूतकाळाच्या खुणांसकटच घडविली, असा त्यांनी युक्तिवाद केला. तो शास्त्रज्ञांना पटला नाही आणि धर्मनिष्ठांनाही पटला नाही. चार्ल्स किंग्सली ह्या स्नेह्यांनीदेखील असहमती कळविली. आमच्या मते ग्रंथ चुकला, परंतु मन दुभंगले असता त्या माणसाने दोन्हींपैकी एकाही सत्याकडे डोळेझाक केली नाही.

लंडन सोडून ते मुलासह डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथे राहावयास गेले. रोज खडकांवर जाऊन त्यांनी ब्रिटिश समुद्रपुष्पांचा मोठा ग्रंथ १८६० मध्ये पुरा केला. ऐप्टेशिया हे नाव ह्याच कामातले. लहानगा एडमंड बापाबरोबर पाण्यात उतरे. त्याच साली गॉस यांनी एलायझा ब्राइटवेन ह्यांच्याशी दुसरा विवाह केला व मुलास प्रेमळ सावत्र आई लाभली.

परंतु किनाऱ्यावर आता ते एकटे नव्हते. त्यांचीच पुस्तके हाती घेऊन, त्यांनीच शिकविल्याप्रमाणे हातोडी आणि छिन्नी घेऊन, आगगाडी भरभरून लोक येऊ लागले. खडक फोडून समुद्रपुष्पे उचलली जात. त्यांतील बहुतेक घरच्या टाकीत आठपंधरा दिवसांत मरत, की पुन्हा नवी आणावयाची. दुकानदारही पोत्यांनी माल नेऊ लागले. युगानुयुगे कोणी न हात लावलेली ती डबकी काही वर्षांतच ओकीबोकी झाली. पुढे थोर साहित्यिक म्हणून नावाजलेल्या एडमंडने १९०७ साली बापलेकांच्या सहवासावर जे पुस्तक लिहिले, त्यात हा ऱ्हास त्याने नोंदविला आहे, आणि वडिलांनी तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला व त्याचे त्यांना अतिशय दुःख झाले, हेही. पुत्र वडिलांचा पंथ सोडून गेला होता; त्या पुस्तकात वडिलांवर कठोर टीकाही आहे. ह्या प्रसंगी मात्र तो बापाच्या बाजूने उभा राहतो.

गॉस यांनी दोष दुसऱ्यावर टाकावयाचा म्हटले असते तर टाकता आला असता. टाकीतील समतोल राखा, गर्दी करू नका, असे त्यांनीच वारंवार लिहिले होते. पण छिन्नी कोणत्या ठिकाणी मारावी, हेही त्यांनीच लिहिले होते. १८७० च्या सुमारास ती हौस ओसरली, अनेक घरच्या टाक्यांत शेवटी नेच्यांची रोपे लावली गेली. खडकांवरचे वैभव तसेच परत आले नाही.

उत्तरायुष्यात गॉस यांनी ऑर्किडे जोपासली, दुर्बिणीतून तारे पाहिले, आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे वळून रोटिफर नावाच्या अतिसूक्ष्म पाणजीवांचा अभ्यास हाती घेतला. हा अभ्यास एक थेंब डबक्याचे पाणी घेऊन घरबसल्या करता येई. किनाऱ्यास त्यासाठी हात लावावा लागत नसे. सी. टी. हडसन यांच्यासह त्यांनी लिहिलेला ह्या विषयावरील द्विखंडात्मक ग्रंथ १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. समुद्रातील माशांची नुकती जन्मलेली पिले वाढविताना त्यांना पहिला घास म्हणून आज जे जीव सर्वत्र चारतात, ते रोटिफरच.

२३ ऑगस्ट १८८८ रोजी सेंट मेरीचर्च येथे, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, गॉस यांचे निधन झाले. रोटिफरांवरील ग्रंथाची पुरवणी दुसऱ्या वर्षी निघाली.