बिनतारी संदेशाची पोच

बुलढाणा हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. तेथून मलकापूरकडे उतरताना घाट लागतो. वाटेत एखादा डोंगर आड आला, म्हणजे मोबाइलवरील बोलणे तुटू लागते. परंतु लिहून पाठविलेला निरोप क्षणभर रेंगाळला, तरी बहुधा जसाच्या तसा पोहोचतो. वाटेत हरवलेली अक्षरे पुन्हा मिळतात ती कशी? हे समजण्यास मार्कोनीचे चरित्र फार उपयोगी पडते.

गुल्येल्मो मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरी झाला. त्याचे वडील सधन जमीनदार होते. आई आयर्लंडची होती. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ याने १८८८ मध्ये विद्युत्‌लहरी तारेवाचून अवकाशातून जातात, हे सिद्ध केले होते. या लहरींवरून निरोप धाडता येईल, या कल्पनेने तरुण मार्कोनीला झपाटले. घराच्या माळ्यावर त्याने प्रयोग आरंभिले. त्याच सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बसू यांनीही अशा लहरी भिंतीपलीकडे धाडून घंटा वाजवून दाखविली.

१८९५ मध्ये मार्कोनीने आपला भाऊ अल्फोन्सो यास ग्राहक यंत्रासह टेकडीपलीकडे उभे केले. भाऊ दिसत नव्हता. म्हणून संदेश मिळताच त्याने बंदुकीचा बार काढावा, असे ठरले. मार्कोनीने यंत्राची कळ दाबली आणि टेकडीमागून बार ऐकू आला. तो बार म्हणजे संदेशाची पोचच होती. संदेश धाडणे हे निम्मेच काम; तो मिळाल्याची खूण परत आली, तरच ते पुरे होते.

१८९६ मध्ये मार्कोनी इंग्लंडला गेला. तेथे त्याला टपाल खात्याचे साहाय्य लाभले आणि पुढच्याच वर्षी त्याची कंपनी स्थापन झाली. केंद्रे वाढली, तशी एकाच्या लहरी दुसऱ्याच्या लहरींत मिसळू लागल्या. तेव्हा प्रत्येक केंद्राने आपापल्या लहरलांबीवर बोलावे, अशी योजना त्याने केली आणि १९०० मध्ये तिचे एकस्व मिळविले.

डिसेंबर १९०१ मध्ये तो अटलांटिक महासागरापलीकडे न्यूफाउंडलंडला गेला. इंग्लंडमधील पोल्ढू केंद्राने ठरलेल्या वेळी एकच अक्षर, तीन टिंबांचे, पुनःपुन्हा धाडावयाचे होते. एक वेळ हुकली, तर दुसरी साधावी, हा त्यातील हेतू. पतंगाला बांधलेली तार वाऱ्यावर हेलकावत होती. १२ डिसेंबरला ती तीन टिंबे मार्कोनीच्या कानी पडली. १९०९ मध्ये ब्राउन या शास्त्रज्ञासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे एका भीषण घटनेने जगाचे डोळे उघडले. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक जहाजावर मार्कोनी कंपनीचे तारायंत्रज्ञ काम करीत होते. आदल्या रात्री यंत्र बिघडल्यामुळे प्रवाशांचे खाजगी निरोप साचले होते. कॅलिफोर्नियन या जवळच्या जहाजाने बर्फाची सूचना देऊ केली, तेव्हा कामात अडथळा नको म्हणून त्याला गप्प बसविण्यात आले. थोड्या वेळाने त्या जहाजावरील यंत्रज्ञ यंत्र बंद करून झोपी गेला. त्यानंतर टायटॅनिक हिमनगावर आदळले. त्याची आर्त हाक कार्पेथिया या दूरच्या जहाजाने ऐकली, म्हणून सातशेंवर जीव वाचले. सुमारे दीड हजार माणसे प्राणांस मुकली.

आकाश सर्वांना एकच आहे. त्यातील वाटा थोड्या आणि निरोप पुष्कळ. कोणाला केव्हा वाट द्यावी, हे आधीच ठरलेले असावे लागते. म्हणून पुढे संकटाच्या हाकेसाठी राखलेल्या लहरलांबीवर तासातून दोनदा तीन-तीन मिनिटे सर्व जहाजांनी गप्प राहून केवळ ऐकत राहावे, असा नियम झाला.

मार्कोनीच्या लघुलहरींच्या पद्धतीने १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंड जोडले गेले. संदेश पुण्याजवळील खडकीहून जात आणि दौंडला घेतले जात. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे मार्कोनी मरण पावला. त्याच्या सन्मानार्थ अनेक बिनतारी केंद्रे दोन मिनिटे मूक राहिली.

आज आपला मोबाइल निरोपाचे लहान लहान तुकडे करून धाडतो. तुकडा नीट मिळाला, तर पोच येते. नाही मिळाला, तर तोच पुन्हा धाडला जातो. पहिली सदोष प्रतही टाकून देत नाहीत. दुसरीशी ती जुळवून मूळ मजकूर काढतात. या पुनःप्रेषणासाठी मनोऱ्याला वेळ, लहरी आणि वीज यांचा काही वाटा द्यावा लागतो. तो वाटा फार मोठा झाला, तर नवे निरोप खोळंबतात; फार लहान झाला, तर जुने हरवतात. म्हणून मनोऱ्यातील यंत्रणा क्षणोक्षणी ही वाटणी नव्याने करते.

घाटात अडलेला आपला निरोप असा पुन्हा निघतो आणि डोंगर ओलांडतो. टेकडीपलीकडच्या त्या बाराचे काम आज आपल्या हातातील यंत्र निःशब्दपणे करीत असते.