सल्ल्याचे मोल : जेम्स मॅकिन्झी

व्यवस्थापन सल्लागार हा आज मानाचा व्यवसाय समजला जातो. व्यवस्थापनाची पदवी घेणारे हुशार विद्यार्थी या क्षेत्रात शिरण्यासाठी धडपडतात आणि त्यांच्या तोंडी सर्वाधिक वेळा येणारे नाव म्हणजे मॅकिन्झी. हे नाव आता एका जगड्व्याळ संस्थेचे झाले आहे. ज्या माणसाचे ते मूळ नाव, त्या जेम्स ऑस्कर मॅकिन्झी यांना मात्र जेमतेम ४८ वर्षांचे आयुष्य लाभले. इतरांच्या उद्योगांचे निदान करण्यात त्यांनी हयात घालवली आणि अखेरच्या दोन वर्षांत आपण सांगितलेला उपाय स्वतः राबवण्याची जबाबदारी अंगावर घेतली.

४ जून १८८९ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात गॅमा नावाच्या लहानशा वस्तीत त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती. पुढे येण्याचा मार्ग त्यांना शिक्षणातच दिसला आणि त्यांनी तो चिकाटीने धरला. १९१२ मध्ये वॉरेन्सबर्ग येथील शिक्षक महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. पुढच्याच वर्षी आर्कान्सा विद्यापीठाची कायद्याची पदवी त्यांनी मिळवली. त्यानंतर ते हिशेबशास्त्राकडे वळले आणि शिकागो विद्यापीठात दाखल झाले. अध्यापन, कायदा आणि हिशेब या तिन्ही विद्या पुढे त्यांच्या एकाच व्यवसायात कामी येणार होत्या.

पहिल्या महायुद्धात त्यांना सैन्यात जावे लागले. तेथे त्यांची नेमणूक शस्त्रसामग्री विभागात झाली. कोणता माल किती, कोठे आणि केव्हा लागेल याचा अंदाज आधी बांधला नाही, तर प्रचंड यंत्रणाही कशी अडखळते, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले. युद्ध संपल्यावर ते शिकागोला परतले. विद्यापीठात अध्यापन आणि हिशेब तपासनिसांच्या पेढीत काम, असा दुहेरी क्रम त्यांनी सुरू ठेवला.

त्या काळी हिशेबाच्या वह्या मुख्यतः झाल्या-गेल्याची नोंद ठेवण्यासाठी असत. वर्ष संपल्यावर नफा किती, तोटा किती हे त्या सांगत. येत्या वर्षी काय करावे याबाबत त्या मूक असत. मॅकिन्झी यांनी या आकड्यांचे तोंड भविष्याकडे वळवले. १९२२ मध्ये अंदाजपत्रकीय नियंत्रणावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विक्रीचा अंदाज आधी ठरवावा, त्यावरून उत्पादन, उत्पादनावरून कच्चा माल व मनुष्यबळ आणि या साऱ्यांवरून पैशाची गरज काढावी. प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या आकड्याची जबाबदारी घ्यावी आणि प्रत्यक्षात पडलेला फरक वेळोवेळी तपासावा, अशी त्यांची मांडणी होती. आज ही पद्धत सर्वपरिचित वाटते. त्या काळच्या कारखानदारांना मात्र आपला सारा व्यवसाय एकसंध दिसण्याचा तो नवा मार्ग होता.

ग्रंथलेखन आणि अध्यापन यांतूनच त्यांचा व्यवसाय उभा राहिला. १९२४ मध्ये विद्यापीठांतील हिशेबशास्त्राच्या अध्यापकांच्या अमेरिकी संघटनेचे ते अध्यक्ष झाले. १९२६ मध्ये त्यांनी शिकागोत स्वतःची पेढी काढली. मांस-प्रक्रिया उद्योगातील आर्मर ही बडी कंपनी त्यांच्या सुरुवातीच्या ग्राहकांपैकी एक होती. १९२९ मध्ये अँड्र्यू टॉमस कर्नी आणि १९३३ मध्ये कायद्याचे शिक्षण घेतलेले मार्विन बॉवर त्यांच्या पेढीत आले. प्राध्यापकाची खुर्ची मात्र मॅकिन्झी यांनी या काळातही सोडली नव्हती.

सहकाऱ्यांना शिकवण्यासाठी त्यांनी सर्वेक्षणाचा एक आराखडा तयार केला होता. ग्राहक जे दुखणे सांगतो तेथून सुरुवात करायची नाही, हे त्याचे मर्म होते. प्रथम त्या संपूर्ण उद्योगाचे भवितव्य पाहावे, मग त्यात या कंपनीचे स्थान काय ते तपासावे. त्यानंतर धोरण, संघटना, माणसे, साधने, कार्यपद्धती आणि अर्थव्यवहार अशा पायऱ्या चढाव्यात. विक्री घटल्याची तक्रार घेऊन आलेल्या कंपनीचा रोग विक्री विभागात असेलच असे नाही, हे या क्रमामुळे लक्षात येई. निष्पक्षपणे पाहणारी बाहेरची नजर हेच सल्लागाराचे भांडवल आहे, अशी त्यांची धारणा होती.

शिकागोतील मार्शल फील्ड या विख्यात व्यापारी कंपनीने त्यांना पाचारण केले, तेव्हा महामंदीने ती जेरीस आली होती. तिची किरकोळ विक्रीची भव्य पेढी शहराचे भूषण होती, पण मोठा भार घाऊक व्यापाराचा होता. गावोगावचे दुकानदार आता थेट उत्पादकांकडून माल घेऊ लागले होते. त्यातच घाऊक व्यापारासाठी कंपनीने बांधलेली मर्चंडाइज मार्ट ही अवाढव्य इमारत नेमकी मंदीच्या तोंडावर, १९३० मध्ये, खुली झाली होती. घाऊक व्यापार बंद करावा, असे निदान मॅकिन्झी यांनी केले. संचालकांना ते पटले आणि ते राबवण्यासाठी त्यांनी मॅकिन्झी यांनाच बोलावले. १९३५ मध्ये ते कंपनीचे प्रमुख झाले.

काठावर उभे राहून पोहायला शिकवणारा माणूस आता स्वतः पाण्यात उतरला होता. अहवालातील एका ओळीचा अर्थ प्रत्यक्षात हजाराहून अधिक लोकांच्या नोकऱ्या जाणे असा होता. पिढ्यान्‌पिढ्या त्या कंपनीशी एकनिष्ठ राहिलेल्या नोकरवर्गात संतापाची लाट उसळली. सल्लागार अहवाल देऊन दुसऱ्या ग्राहकाकडे जाऊ शकतो. प्रमुखाला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच इमारतीत, त्याच चेहऱ्यांमधून चालत जावे लागते. निर्णयाची चिकित्सा करणे आणि निर्णय निभावून नेणे यांतील अंतर त्यांना रोज जाणवत असणार. त्यातच १९३७ मध्ये अमेरिकेची अर्थव्यवस्था पुन्हा घसरली आणि त्यांच्यावरील टीका तीव्र झाली. त्या ताणाने थकलेल्या शरीराला न्यूमोनियाने गाठले. ३० नोव्हेंबर १९३७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात पेढीची वाटणी झाली. शिकागोची शाखा कर्नी यांच्याकडे गेली आणि पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. न्यूयॉर्कची शाखा बॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांभाळली. बॉवर यांना तिला स्वतःचे नाव देता आले असते. पण ज्याचे नाव पाटीवर त्याच माणसाला भेटण्याचा आग्रह ग्राहक धरतात, हे ओळखून त्यांनी दिवंगत गुरूचेच नाव राखले. पुढील काळात ती संस्था जगभर पसरली.

घाऊक व्यापाराला भवितव्य उरलेले नाही, हे मॅकिन्झी यांचे निदान चुकले असे म्हणता येत नाही. पण अचूक निदानाचीही किंमत कोणाला तरी मोजावी लागते. ती प्रथम कामावरून काढलेल्या माणसांनी मोजली आणि तो सल्ला देणाऱ्याच्याही वाट्याला तिचा काही हिस्सा आला. सल्ला देण्याचा व्यवसाय पत्करू पाहणाऱ्या तरुणाने त्यांच्या कीर्तीइतकीच ही शेवटची दोन वर्षेही अभ्यासावीत.